शेंदऱ्या दगडापर्यंत

परवा पोळा आहे. पिपरी मेघेच्या चौकात पळसाच्या फांद्या विकायला आल्या आहेत. ज्यांच्या दारी कधीकाळी बैल होते त्यांनी, आणि ज्यांनी बैल फक्त कॅलेंडरवर पाहिला त्यांनीही, त्या घेऊन दाराच्या दोन्ही बाजूंना खोचायच्या, अशी आमच्या वर्धेकडची रीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच फांद्या उपटून शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. रोगराई, माश्या, डास, घरातली कटकट, सगळं त्यांना चिकटून बाहेर जातं म्हणतात. डासांचं मला माहीत नाही, कटकट काही जात नाही, हा माझा इतक्या वर्षांच्या संसाराचा अनुभव.

माझ्या दारी या फांद्या मी लावत नाही. सुनेला वाटतं, सासूबाई सुधारक आहेत. तसं काही नाही. मला भीती वाटते.

यंदा त्यात एक कागद आला आहे. चार दिवस झाले, तो जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून आहे आणि त्याच्यावर माझ्या मुलाने, निखिलने, आठवणीने पेन ठेवून दिला आहे. आमच्या कॉलनीला लोखंडी फाटक बसवायचं ठरलं आहे. कुठे बसवायचं यावर तीन बैठका झाल्या. शेवटी ते वळणाच्या अलीकडे ठरलं, म्हणजे वळणामागची भाड्याच्या खोल्यांची रांग आपोआप बाहेर पडते. त्या खोल्यांतल्या बाया आमच्या बोअरवर पाणी भरतात, ते फाटकामुळे बंद होईल. तसं कोणी लिहिलेलं नाही. कागदावर 'कॉलनीची हद्द निश्चित करणेबाबत' एवढंच आहे. "ते लोक आपल्यात येतच नाईत काकू, नकाशात पाहा ना," असं सचिवांचा मुलगा हसत सांगून गेला. चांगला मुलगा आहे. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला.

मी नकाशा पाहिला नाही. हद्दीचा नकाशा मला तोंडपाठ आहे, फक्त तो दुसऱ्या वस्तीचा आहे.

मी वाढले ती वस्ती वर्धा शहराच्या कडेला होती, रेल्वेच्या रुळांपलीकडे. वखारपुरा. ज्या कापसाच्या वखारीवरून हे नाव पडलं ती माझ्या आजोबांच्या डोळ्यांदेखत कोसळली, पण नाव उभं राहिलं. आम्ही नुसतं 'पुरा' म्हणायचो. पुऱ्यात सत्तर-ऐंशी घरं, एक मारुती, एक दगडी विहीर. शेवटी नाला, नाल्यावर ओलांडायला बुटका रपटा, आणि रपट्याच्या अलीकडे शेंदूर फासलेला गुडघाभर दगड. त्या दगडापाशी पुरा संपायचा. पलीकडे सरकीफैल. फैल म्हणजे मजुरांची वस्ती. वर्धेत तसे आणखीही फैल आहेत. आमच्या फैलात जिनिंगमध्ये रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढायची यंत्रं, चालवणारी माणसं, निळ्या झेंड्याची दहा-बारा घरं, छत्तीसगडहून आलेली दोन-तीन कुटुंबं. जात हा शब्द आमच्या घरात मी कधी ऐकला नाही. 'नाल्यापलीकडचे' एवढ्यावर भागत असे.

गंमत अशी की गावाला हा फरक ठाऊकच नव्हता. शहराच्या लेखी रुळांपलीकडचं सगळंच फैल. शहराचे नळसुद्धा तेव्हा रुळांपर्यंत येऊन थांबले होते. स्टेशनावर आई रिक्षेवाल्याला "वखारपुरा" म्हणायची, की तो विचारायचा, "कुठी? फैलात ना? मंग तसं सांगा ना बाई सरळ." आई एकदा या वाक्यावर रिक्षेतून उतरली होती. सामान, मी, कडेवर पिंट्या आणि वर भर दुपारचं ऊन, पण फैलात जाणाऱ्या रिक्षेत ती बसली नाही. माझ्या आत्याच्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा आजी महिनाभर म्हणत होती, "त्यायले कोनी तरी फैल म्हनून सांगतलं असन." मोडण्याचं खरं कारण हुंडा होतं. पण फैलावर खापर फोडणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

आज वाटतं, गाव आम्हाला नाल्यापलीकडे ढकलत होतं, म्हणून आम्ही नाला इतका घट्ट धरून बसलो होतो.

माझे बाबा तहसिलीत कारकून. चुकीच्या माणसापेक्षा चुकीचा कागद त्यांना जास्त खुपायचा. मी पाचवीत गेले तेव्हा नव्या शाळेच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'राहणार सरकीफैल' असं लिहिलं गेलं. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, खिशाला स्वतःचा पेन लावला आणि शाळेत आले. मुख्याध्यापकांसमोर त्यांनी 'सरकीफैल'वर पट्टीने एक सरळ रेघ मारली, वर मोत्यासारख्या अक्षरात 'वखारपुरा' लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. मला इतका अभिमान वाटला की दिवसभर माझी मान ताठ होती.

माझ्या नावाच्या खालच्याच ओळीत सुलीचं नाव होतं. सुलोचना. फैलातली, माझ्याच बाकावरची. तिची आई पंचफुलाबाई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, म्हणून सुलीच्या केसांत नेहमी कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि वर्गातली पोट्टी तिला म्हातारी म्हणायची. सुलीला राग यायचा नाही. ती वाकून काठी टेकत चालून दाखवायची.

रजिस्टरातली ती रेघ तिने पाहिली होती. शाळा सुटल्यावर म्हणाली, "माह्यं बी तसं करून देतीन काय व तुहे बाबा?"

"काऊन?"

"पुऱ्यातली झाली की विहिरीवर जाता येते मले. माय म्हनते, पावसाळ्यात झिऱ्याचं पानी वंगाळ रायते."

फैलाला विहीर नव्हती. नाल्याच्या काठाला वाळूत खड्डा खणून त्यात पाझरलेलं पाणी ते वाटीवाटीने भरायचे, त्याला झिरा म्हणायचे. उन्हाळ्यात ते पाणी नितळ असायचं. पावसाळ्यात नाला गढूळला की झिराही गढूळ. मग फैलातल्या बाया आमच्या विहिरीजवळ घागर घेऊन उभ्या राहायच्या आणि आमच्यातली कोणी मनात आलं तर वरून ओतायची. मनात रोज येतंच असं नाही.

मी रात्री जेवताना बाबांना सुलीचं विचारलं. बाबा शांतपणे म्हणाले, "तिचं बरोबर आहे ना बेबी. बरोबर आहे ते कसं बदलायचं?" मला ते पटलं. बाबांचं सगळं मला पटायचं. दुसऱ्या दिवशी मी सुलीला तेच उत्तर दिलं, त्यांच्याच शब्दांत. ती म्हणाली, "बरं," आणि दप्तरातून मला चारं काढून दिली. चारोळीची ती काळी फळं खाताना बोटं जांभळी होतात.

'पोळा अन् पाऊस झाला भोळा' असं आमच्याकडे म्हणतात. पोळा आला की पावसाचा जोर सरतो. त्या वर्षी जोर सरला, पण तो जाता जाता सगळं सडवून गेला. श्रावणाचे शेवटचे दिवस. भिंतींना ओल, धान्याला वास, आणि माश्या. इतक्या माश्या मी नंतर कधी पाहिल्या नाहीत. ताट वाढलं की भात काळा दिसायचा. ऊन पडायचं ते पिवळट, आजाऱ्याच्या डोळ्यांसारखं. मारुतीमागच्या तीन घरांत एकाच दिवशी हगवण-उलटी सुरू झाली. मग शेजारच्या ओळीत. मग आमचा पिंट्या, तीन वर्षांचा. म्हाताऱ्या सोनाबाई दोन दिवसांत गेल्या आणि त्यांना न्यायला माणसं जमेनात. आई दिवसभर पिंट्याचं अंथरूण बदलत होती. मी उंबऱ्यावर बसून माश्या हाकलायचे. आपला भाऊ मरणार, असं मला तेव्हा स्वच्छ वाटलं होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुऱ्यातला शब्द शेषरावकाकांचा. रेल्वेतून निवृत्त झालेले, धिप्पाड, कपाळावर बुक्का. दरवर्षी मारबत तेच करायचे. मारबत म्हणजे बांबू, पोती आणि तणसाची बाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिला वाजतगाजत शिवेवर न्यायचं आणि वस्तीतली इडापिडा तिच्याबरोबर घालवून द्यायची. नागपूरला तिला जाळतात. आमच्या पुऱ्यात मात्र दगडापाशी उभं राहून तिला नाल्यापलीकडे फेकायचे. "जाळली तं राख आपल्याच हद्दीत रायते," हे शेषरावकाकांचं म्हणणं, आणि ते सगळ्यांना मान्य होतं.

पलीकडे माणसं राहतात, ही गोष्ट त्या हिशेबात नव्हती. फैलवाले त्याचं वाईट वाटून घेत नसत, निदान दाखवत तरी नसत. उलट पंचफुलाबाई दरवर्षी मारबतीचे बांबू सरपणाला न्यायची. एकदा ती पलीकडून हसून म्हणाली होती, "तुमची इडापिडा म्या चुलीत घालतो बावाजी. भाकर मोठी बेस भाजते." अलीकडचे सगळे खो खो हसले होते. मीही हसले होते.

त्या वर्षी शेषरावकाका घरोघर फिरले. आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणाले, "सूनबाई, यंदा मारबत मोठी पाह्यजे. आजाऱ्याच्या अंगावरचं कापड दे. रोग त्याच्यातच बसून रायते. तिच्या पोटात भरतो अन् देतो पल्याड लोटून."

बाकीच्यांनी चिंध्या दिल्या. आईने पिंट्याची लंगोटी, कुंची आणि वर त्याच्या अंगाखालची अख्खी चादर दिली. निळ्या काठाची, न फाटलेली. चांगली चादर का देतेस, असं आजीने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "अर्धवट नाई पाह्यजे मले. सगळंच जाऊ दे." ते बोचकं शेषरावकाकांच्या पडवीत नेऊन द्यायचं काम माझं. मी ते दोन बोटांत धरून, नाक दाबून नेलं.

मारबत आठ दिवस त्या पडवीत बसून होती. पोट रोज फुगत होतं. डोकं म्हणून मडकं, त्यावर चुन्याचे डोळे, काजळाची बुबुळं, तोंड उघडं आणि आतून लाल. तिचं तोंड नाल्याकडे करून ठेवायचं, असा नियम. आमच्याकडे तिची पाठ. त्यामुळे पुऱ्यातल्या पोरांना तिची फारशी भीती वाटत नव्हती. सकाळी तिच्या पोत्यांवर माश्यांचा थर बसलेला असायचा आणि शेषरावकाका समाधानाने म्हणायचे, "पाहा, रोग कसा वढून राह्यली."

शाळेतून येताना सुली दगडापाशी थांबली. तिथून पडवी सरळ दिसायची.

"थे माह्याकडंच पाहून राह्यली व बेबे."

"मडक्याची आहे ती. मडकं पाह्यते काय?"

"मंग तिचं तोंड तुह्या घराकडं काऊन नाई करत?"

मी म्हटलं, तशी रीत आहे. ती रपट्यावरून उड्या मारत गेली. पलीकडच्या टोकाला तिने मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, मारबतीकडे. मग ती पळाली. एरवी ती पळायची नाही. रपट्यावर बसून पाण्यात खडे मारत रेंगाळायची.

पाडव्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटे डबे, पत्रे, ताशे वाजवत मिरवणूक निघाली. प्रत्येक दारातून पळसाच्या फांद्या उपटल्या जात होत्या. "इडापिडा, रोगराई, खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" मीही घसा फोडून ओरडत होते, कारण घरी पिंट्याने आदल्या रात्री पहिल्यांदा पेज पोटात ठेवली होती आणि ती मारबतीनेच ठेवू दिली, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. दगडापाशी सहा माणसांनी तिला झोके देऊन फेकलं. यंदा ती जड होती. पलीकडे पोचली नाही. फैलाकडच्या काठाशी, अगदी झिऱ्याच्या तोंडाशी आपटली आणि फुटली. मडकं गडगडत पाण्यात गेलं. पोटातून चिंध्या बाहेर आल्या आणि पाण्यावर पसरल्या. शेषरावकाका म्हणाले, "झालं. हद्दीबाहेर गेली," आणि मागे वळून न पाहता सगळे घरी आले. मागे वळायचं नसतं.

मी वळले. पंचफुलाबाई पलीकडून उतरून येत होती, हातात घागर, मागे सुली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मला सुलीच्या झोपडीपुढच्या दोरीवर आमची चादर वाळताना दिसली. निळा काठ. धुऊन, पिळून, नीट पसरलेली. न फाटलेली चादर कोण टाकून देईल? मला काय वाटलं ते खरं सांगते. मला बरं वाटलं. आपल्या घरातलं काहीतरी सुलीच्या घरी गेलं, याचा आनंद झाला. ही चादर कुणाच्या अंगाखाली होती हे सांगावं, असंही मनात आलं. पण सांगितलं असतं तर आई रागावली असती, कारण गेलेली इडापिडा नाव घेऊन परत बोलवायची नसते. मी सुलीला काही बोलले नाही. त्या दिवशी तिने माझ्या वहीच्या मागे मारबतीचं चित्र काढून दिलं. तिला मोठ्या मिशा काढल्या होत्या.

त्यानंतर ती दोन दिवस शाळेत आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुऱ्यात पांढरी गाडी आली. एक नर्सबाई आणि एक यादीवाला. सुया, गोळ्या, विहिरीत टाकायचं लाल औषध. साथीची खबर कशी पोचली कोण जाणे, पण आजवर आमच्याकडे न पाहणारं शहर पहिल्यांदा स्वतःहून रूळ ओलांडून आलं होतं. सगळे विहिरीभोवती जमले. यादीवाल्याने विचारलं, वस्ती कुठून कुठपर्यंत? यावर मोठी माणसं एकदम बोलायला लागली. वखार कोणाची होती, कोणत्या साली पडली, असं सगळं. नर्सबाई वैतागली आणि समोर उभ्या असलेल्या मला म्हणाली, "बाळ, तू सांग. तुमची वस्ती कुठपर्यंत?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी बाहेरचं आम्हाला आमची हद्द विचारत होतं. रिक्षेवाल्याने कधी विचारली नव्हती. शाळेने विचारली नव्हती. ते आपल्या मनानेच ठरवायचे, आणि त्यांच्या मनात नाल्याच्या दोन्ही बाजू एकच होत्या. त्या दिवशी त्या बाईने न विचारता नेहमीसारखं सगळ्यालाच फैल म्हटलं असतं, तर गाडी रपटा ओलांडून गेली असती.

मी हात लांब केला. "त्या शेंदऱ्या दगडापर्यंत."

बाबा मागेच उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. उत्तर बरोबर आलं की ते तसा ठेवायचे.

"आणि त्या झोपड्या?" बाईने विचारलं.

"थे येगळं हाय," शेषरावकाका म्हणाले. "त्यायचा आमचा संबंध नाई."

औषध मोजकं होतं. आधी साथीची वस्ती पुरी करू, पलीकडे चार-आठ दिवसांनी येऊ, असं बाई म्हणाली आणि यादीवाल्याने काहीतरी लिहून खाली रेघ ओढली. सुली दोन दिवस शाळेत आलेली नाही, हे मला माहीत होतं. चादरीचंही माहीत होतं. अकरा वर्षांच्या मुलीला त्याचा अर्थ कळत नाही, असं मला पुढे अनेक भल्या माणसांनी समजावलं. पण दगडाकडे दाखवलेला हात मी पाठीमागे लपवला, ते मला आजही आठवतं. सुई घेताना मी रडले तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुईला भ्याली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फैलातून एक हातठेला आला. गावात जायचा रस्ता पुऱ्यातूनच होता. ठेल्यावर सुली, चादरीत गुंडाळलेली, आणि बाजूने पंचफुलाबाई चालत होती, जवळजवळ पळत. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेत होते. ठेल्याचं चाक आमच्या दारापुढच्या नालीत अडकलं. सुलीचा हात चादरीबाहेर आला होता. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे पाहत होती की नव्हती, ते कळलं नाही. माझा हात वर झाला नाही. आई दारात आली. तिची नजर निळ्या काठावर गेली. "आपली चादर व," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त मला ऐकू आलं. चाक निघालं, ठेला गेला. आई कितीतरी वेळ चौकट धरून उभी होती. त्या दिवशी तिने पिंट्याला जवळ घेतलं नाही.

सुली परत आली नाही. वर्गात बाईंनी हजेरी घेताना माझ्या नावानंतर थोडं थांबून पुढचं नाव घेतलं, त्यावरून मला कळलं.

पंधरवड्यानंतर यादीवाला एकटाच सायकलवर आला. हातात साथीत गेलेल्यांची टाइप केलेली यादी. विहिरीपाशी उभा राहून त्याने नाव वाचलं, "सुलोचना, वय अकरा, राहणार वखारपुरा. घर कोणतं?"

पंचफुलाबाईने दवाखान्याच्या खिडकीवर पत्ता तसा सांगितला होता. खूप पुढे, विहिरीवर फैलाला पाणी भरायला कोणी अडवेनासं झालं तेव्हा, ती आईला म्हणाली होती, "पुऱ्यातल्यायले औषध भेटलं, असं आयकलं होतं म्या. फैल म्हटलं तं मांगं लोटतीन, असं वाटलं मले."

शेषरावकाका म्हणाले, "थे पोट्टी आमची नाई. नाल्यापल्याडची हाय." यादीवाला गोंधळला. एका मरणाने पुऱ्याचा आकडा वाढत होता आणि पुऱ्यावर साथीमुळे बंदी येणार होती, भाजीबाजाराची, शाळेची. लोक कुजबुजू लागले. बाबा ऑफिसला निघालेच होते. त्यांनी यादी हातात घेतली, चष्म्यातून नीट वाचली आणि पेन मागवला. एक सरळ रेघ. वर मोत्यासारखं अक्षर. बाजूला छोटी सही. यादीवाल्याने आभार मानले.

म्हणजे सुली पुऱ्यातली झाली होती. तिला जे हवं होतं ते एका कागदावर पंधरा दिवस खरं होतं. बाबांनी ते दुरुस्त केलं.

बाबा वाईट नव्हते. हे वाक्य मी इतक्यांदा मनात म्हटलं आहे की आता त्याचा मला कंटाळा येतो. ते म्हातारपणी तासन्‌तास खिडकीत बसायचे, आणि पोळा जवळ आला की जेवण कमी करायचे.

परवा त्या भागातून गेले होते. नाल्यावर स्लॅब पडला आहे, वर पाणीपुरीच्या गाड्या लागतात. दगड कुठे गेला, कुणालाच सांगता येईना. पुरा आणि फैल मिळून आता एकच काहीतरी नगर झालं आहे, कमानीवर रंगीत अक्षरं आहेत. ऑटोवाल्याला ते नाव सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे फैल ना मावशी?" मी हो म्हटलं. आईसारखी उतरले नाही. पण ते हो म्हणायला मला किती वर्षं लागली.

काल संध्याकाळी आमच्या बोअरवर वळणामागची एक पोरगी पाणी भरत होती. सहावीतली असेल. कॉलनीतल्या कोणीतरी तिला फाटकाचं सांगितलं असावं. मला पाहून तिने घागर घाईघाईने उचलली, अर्धीच भरली होती. "भर पुरी," मी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, खरं म्हणते की कसं ते तपासत. मग भरली.

रात्री निखिल म्हणाला, "आई, सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुझीच काऊन अडून राह्यली?"

"पेन सापडत नाही," मी म्हटलं.

तो हसला. पेन कागदावरच होता, मिठाच्या बरणीला टेकून. त्याला वाटलं, आईचं आता वय झालं. मी त्याला काय सांगू? त्या सकाळी विहिरीपाशी यादी हातात धरून बाबा म्हणाले होते, "बेबी, पळ, माझा पेन आण," आणि मी धावत घरात गेले होते, तेव्हा मला तो लगेच सापडला होता.